एकसष्ट पदाधिकाऱ्यांचं मंडळ

आदिलाबाद,
१६ जून २०२५

प्रिय शरदमामा,

तुमचं कानाचं मशीन लावूनही काही ऐकू येईना म्हणून ते कपाटात गेलं आणि तुमचा फोन आता फक्त वेळ पाहायला उरला, असं मामी आईला सांगत होती. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्याशी फोनवर बोलण्यापेक्षा दोन पानं लिहिणं सोपं, म्हणून लिहायला बसले.

बातमी अशी, की आमच्या कॉलेजच्या मराठी विद्यार्थी मंडळाची मी अध्यक्ष झाले. अभिनंदन राहू द्या, आधी कशी झाले ते वाचा. निवडणुकीच्या बैठकीला चौघं हजर होते. अध्यक्ष व्हायची एकाचीही इच्छा नव्हती. मग आमचा सचिव भूषण म्हणाला, "चैत्रालीताई आली नाई ना आज? मंग तिलेच करा." जो गैरहजर तो नाही म्हणू शकत नाही, त्यामुळे माझी निवड एकमताने झाली. हा भूषण तलमडुगूचा, घरचा भाजीचा मळा आहे, रोज पहिल्या बसने येतो आणि कोणाचीही भीड ठेवत नाही.

मंडळाचे सभासद चौसष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर चौसष्टच्या चौसष्ट जिवंत असतात. कोणी मराठीबद्दल वाकडं बोललं की सगळ्यांचं रक्त उसळतं. बैठक म्हटली की मात्र कोणाचा ताप, कोणाची बस, कोणाचा चुलता आजारी. एकाचा चुलता तर जानेवारीपासून तीनदा वारला.

आता खरी अडचण सांगते. प्राचार्यांनी नोटीस लावली आहे. दुसरी भाषा म्हणून मराठी घेणारे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचे मिळून पंचवीस तरी हवेत. एकतीस जुलैपर्यंत तेवढी नावं आली नाहीत, तर मराठीचा वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे नागनाथ सरही घरी, कारण ते कंत्राटावर आहेत. नार्नूरहून दोन बस बदलून येतात बिचारे. आज नावं आहेत अकरा. बाकी सगळी जनता संस्कृतकडे. आपल्या जिल्ह्याचं संस्कृतवर एवढं प्रेम का, ते तुम्हाला माहीत असेलच. मार्क नव्वदच्या खाली उतरत नाहीत, आणि पेपर तेलुगूत लिहिला तरी चालतो म्हणतात.

तुमच्या वेळी याच मंडळाच्या सभेला दोनशे पोरं यायची, हे मी लहानपणापासून ऐकते. दर दिवाळीला त्यात दहा-वीस वाढतातही. ते कसं जमवलंत, तेवढं कळवा.

तुमची,
चैत्राली


उटनूर,
२२ जून २०२५

चि. चैत्रालीस शरदमामाचा आशीर्वाद, आणि अध्यक्षीणबाईंस रीतसर मुजरा.

पोस्टमन पंढरी हल्ली आमच्या दारावरून नुसता सायकल मारत जातो. परवा थांबला, तर मीच दचकलो. दर दिवाळीला वाढतात हा टोमणा पोचला. तुझ्या आईचं वळण आहे, पद्मिनीही लहानपणी अशीच होती.

पोरी, तहसीलच्या कचेरीत मी पस्तीस वर्षं काढली. तिथे एकच गोष्ट शिकलो. माणूस कामासाठी येत नाही, हुद्द्यासाठी येतो. साध्या सभासदाला बोलावलंस तर तो म्हणतो, मी नसलो तर काय अडणार आहे. त्यालाच सांग, की बाबा तू उपाध्यक्ष आहेस, तुझ्याशिवाय अडतं. मग बघ, इस्त्रीचा शर्ट घालून येतो की नाही. तेव्हा हुद्दे वाट. हात आखडता घेऊ नकोस, त्याला पगार द्यावा लागत नाही. दुसरं म्हणजे हाजरीचं रजिस्टर ठेव आणि दस्तखत घे. दस्तखत करायला मिळतं म्हटल्यावर आपला माणूस तापातही येतो.

१९८३ साली माझ्या एका सभेला दोनशे दस्तखतं होती. रजिस्टर दाखवलं असतं, पण वाळवीने खाल्लं.

पोरांना बजावून सांग, की आईच्या भाषेपुढे मार्क काय घेऊन बसलात. ते आज आहेत, उद्या कोणी विचारत नाही. तू स्वतः तर नागनाथ सरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत असशील. तुझ्याकडे पाहूनच निम्मी पोरं येतील.

तुझा,
शरदमामा


आदिलाबाद,
२ जुलै २०२५

प्रिय मामा,

तुमचा उपाय केला. चौसष्ट सभासदांत आता एकसष्ट पदाधिकारी आहेत. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी कॉलेज सोडलं आहे, आणि तिसरी चंचल नावाची मुलगी. तिचं नाव यादीत घालायचं चुकून राहिलं, म्हणून ती माझ्याशी बोलत नाही. उपाध्यक्ष नऊ आहेत. शिवाय गावोगावचे संघटक, स्वागतप्रमुख, फलकप्रमुख, चहाप्रमुख आणि उपचहाप्रमुख.

शनिवारी सभा घेतली. एकोणपन्नास जण आले, इस्त्रीचे शर्ट घालून. तुमचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. आले आणि सगळेच्या सगळे स्टेजवर जाऊन बसले. पदाधिकारी म्हटल्यावर खाली कोण बसणार? समोरच्या खुर्च्यांवर एकटे नागनाथ सर. त्यांनी एकोणपन्नास जणांची मनोगतं ऐकून घेतली आणि प्रत्येकासाठी टाळ्या वाजवल्या. चहा आला नाही. चहाप्रमुखाला विचारलं तर म्हणाला, "आनाचं काम उपप्रमुखाचं हाय. मी देखरेख करून राह्यलो." दस्तखत मात्र सगळ्यांनी केलं, काहींनी दोनदा.

एवढं करून नावं अकराची तेरा झाली. फॉर्म पुढे केला की उपाध्यक्षांपासून उपचहाप्रमुखापर्यंत सगळे मागे सरकतात. बंडू उपाध्यक्ष म्हणाला, "मराठी आपली मायच हाय ना ताई. मायले का कोणी मार्क मांगते?"

पहिल्या बाकाचं तुम्ही लिहिलंत. बाक चांगला आहे. खिडकीशेजारी आहे, वारा येतो.

तुमची,
चैत्राली


उटनूर,
६ जुलै २०२५

चि. चैत्राली,

एकसष्ट? मी वाट म्हटलं होतं, उधळ नाही.

असो. माझ्या लक्षात आलं, की पोरांना खाली बसवायचं तर तसं भाषण लागतं. ते तुझ्याजवळ नाही, माझ्याजवळ आहे. मी शनिवारी, बारा तारखेला येतो आहे. विषय 'मातृभाषा आणि आजचा विद्यार्थी'. अठरा पानं आहेत, थोडी जुनी, पण मातृभाषा काही बदललेली नाही. पदाधिकाऱ्यांना निक्षून सांग, की स्टेजवर फक्त वक्ता आणि अध्यक्ष.

तुझी मामी मध्येच म्हणते, "पोरायले भाषण कायले पाहिजे? त्यायले इचारा ना, का बाबू, तुमाले काय पाहिजे." म्हणजे तिने हे हातवाऱ्यांनी सांगितलं, मी ओळखलं. तिला यातलं कळत नाही, तिने जन्मात सभा घेतलेली नाही.

मशीन आणणार नाही. भाषण मला करायचं आहे, ऐकायचं त्यांना आहे.

शरदमामा


आदिलाबाद,
९ जुलै २०२५

मामा,

कृपा करून येऊ नका. एक तर पावसाने गुडीहत्नूरच्या पुढे रस्ता खराब आहे. दुसरं, सभागृहप्रमुख आणि सजावटप्रमुख एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे हॉल मिळेल पण त्यात खुर्च्या नसतील. तिसरं, अठरा पानं.

चौथंही एक कारण आहे. ते समोर बसून सांगता येण्यासारखं नाही आणि पत्रात लिहिण्यासारखंही नाही. पण येऊ नका.

चैत्राली


उटनूर,
१४ जुलै २०२५

चि. चैत्राली,

तुझं नऊ तारखेचं पत्र मी परत आल्यावर मिळालं. आपल्या डाकखात्याचे उपकार, नाहीतर केवढ्या सोहळ्याला मुकलो असतो.

ऐंशी पोरं होती, मी मोजली. एकही स्टेजवर चढला नाही, याला म्हणतात जरब. अकराव्या पानावर होतो तेव्हा तो तुझा भूषण उठला. काय आवेश त्या पोराचा! एकदा माझ्याकडे हात करत होता, एकदा तुझ्याकडे बोट दाखवत होता. तुझी तारीफ चालली आहे, हे मला न ऐकताही कळलं. सगळा हॉल हसला, मग बाकं वाजली. मी नमस्कार करून दोन शब्द बोललो, तर आणखी वाजली. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पाहून माझ्याही आलं. घरी येऊन मामीला म्हटलं, त्र्याऐंशी साल परत आलं.

आता पंचवीस काय, पन्नास नावं होतील. आकडा कळव.

तुझा,
शरदमामा


आदिलाबाद,
१८ जुलै २०२५

प्रिय मामा,

आकडा सोळा.

भूषण काय बोलला ते तुम्हाला लिहून देते. शब्दन् शब्द देऊ शकते, कारण ते मला पाठ झालं आहे. तो म्हणाला, "मामाजी, तुमचं भाषण लई चांगलं हाय. पन आमच्या अध्यक्षाले इचारा, तिनं सोता कोनती भाषा घेतली? संस्कृत. चौऱ्याण्णव मार्क हायेत तिले. आमाले मराठी घ्या म्हून सांगून राह्यली अन् सोता तिकडं जाऊन बसली. मंग आमी काऊन यायचं तिच्या मीटिंगले?"

यावर हॉल हसला. तुम्ही उठून हात जोडलेत आणि म्हणालात, "अगदी खरं आहे. माझाही हाच मुद्दा आहे." तेव्हा बाकं वाजली.

म्हणजे मराठी विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्षांची दुसरी भाषा संस्कृत आहे. नागनाथ सरांच्या वर्गातला पहिला बाक मी दारातून जाता-येता पाहिलेला आहे, खिडकी आणि वारा तेवढा खरा. फॉर्म आईने भरला असं लिहिणार होते, पण आईने फक्त पेन दिलं होतं. मला हैदराबादला एम.एस्सी. करायचं आहे. तिथे टक्के पाहतात, आणि टक्के संस्कृत देतं. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, तेवढं पुष्कळ झालं असं स्वतःला सांगितलं. अध्यक्ष झाल्यावर वाटलं, कोण विचारतो. मामा, विचारायची गरजच नव्हती. चौसष्टच्या चौसष्ट जणांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी इतके दिवस त्यांच्या चुलत्यांच्या मरणावर हसत होते आणि ते माझ्यावर.

तुम्ही हात जोडून उभे होतात, आणि मी शेजारी बसून ते होऊ दिलं. त्याची मला फार लाज वाटते.

दुसऱ्या वर्षी भाषा बदलता येते. त्यासाठी सबळ कारण लिहून प्राचार्यांची परवानगी घ्यायची, पहिल्या वर्षाचे मराठीचे दोन्ही पेपर मागाहून द्यायचे, आणि संस्कृतचे मार्क पाण्यात. मी बदलणार नाही. अध्यक्षपदाचा राजीनामा देते. तो कोणाकडे द्यायचा, एवढंच कळत नाही. सगळेच पदाधिकारी आहेत.

चैत्राली


उटनूर,
२२ जुलै २०२५

चि. चैत्राली,

तुला रागे भरायला बसलो होतो. तीन ओळी लिहिल्या, छान जमल्या होत्या. मग फाडून टाकल्या.

१९८३ चे दोनशे खरे आहेत. पण ते मला ऐकायला आले नव्हते. माझे वडील तेव्हा कचेरीत पेशकार होते. स्कॉलरशिपच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागायचा आणि तो मिळायला महिना जायचा. माझ्या सभेला जो दस्तखत करील त्याची दरख्वास्त मी संध्याकाळी घरी न्यायचो, दुसऱ्या दिवशी दाखला तयार. ते रजिस्टर वाळवीने खाल्लं नाही. नोकरी लागली त्या वर्षी मीच ते आंघोळीच्या बंबात घातलं.

आता दुसरं. आमच्या पोराचा, चिरागचा फॉर्म मी स्वतः भरला होता. संस्कृत. शहाण्णव मार्क पडले, मी कचेरीभर पेढे वाटले. त्याच महिन्यात इथल्या शाळेत मातृभाषेवर भाषण केलं. तीच अठरा पानं.

चिराग हैदराबादला चांगल्या नोकरीत आहे. मी त्याला दर महिन्याला पत्र लिहितो. शाळेत हिंदी होती म्हणून अक्षरं लावतो तो, पण दोन पानांना त्याला तास लागतो, आणि उत्तर लिहिणं काही जमत नाही. मग मामीच्या फोनवर अंगठा पाठवतो. मामी तो अंगठा मला दाखवायला आणते. दोन पानं लिहावीत आणि एक अंगठा यावा, असा आमचा पत्रव्यवहार.

कान गेल्यापासून माझ्याशी बोलणारी दोनच माणसं राहिली. हातवारे करणारी तुझी मामी, आणि तू. तुझं पत्र आलं की मी ते मोठ्याने वाचतो. मला ऐकू येत नाही, पण गल्लीला येतं, असं मामीचं म्हणणं.

तेव्हा तू भाषा बदल, असं मी सांगणार नाही. तुझ्या चौऱ्याण्णव मार्कांना तू मेहनत केलीस, आणि सांगायचा हक्क मी चिरागच्या फॉर्मवरच घालवून बसलो आहे. फक्त पत्र बंद करू नकोस. संस्कृतात लिहिलंस तरी चालेल, मी तेलुगूत उत्तर देईन.

तुझा,
शरदमामा


आदिलाबाद,
१ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

काल दुपारी तुम्हाला आदिलाबादहून एक फोन आला होता. तो कोणाचा, ते शेवटी सांगते.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. शनिवारी मी सभा बोलावली. या वेळी पद नाही, रजिस्टर नाही, भाषण तर नाहीच. वीसेक जण आले. मी मामीचा उपाय केला. विचारलं, की तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. मग भूषण म्हणाला, "तुमी पयले बदला. मंग आमी पाहू." त्या मुलाला सचिवपद कोणी दिलं, असा विचार मनात आला. मीच कायम केलं होतं.

मी तिथेच कागद घेतला. लगेच लिहिला असं समजू नका. चौऱ्याण्णव हा आकडा काही डोळ्यांसमोरून हलेना, आणि हैदराबादही हलेना. तुमचं पत्र पिशवीत होतं. त्यातला तो अंगठा मला सारखा दिसत होता. शेवटी अर्ज लिहिला आणि सोमवारी ऑफिसात दिला. क्लार्क म्हणाले, प्राचार्य मान्य करणार नाहीत, वर्ष सुरू झाल्यावर कोणी भाषा बदलतं का.

पण अर्ज गेल्याची बातमी ग्रुपवर पोचली होती. मंगळवारी पहिल्या वर्षाची तिघं जण फॉर्म बदलून आली. त्यांना बदलायला परवानगी लागत नाही. बुधवारी आणखी पाच. त्यात चंचलची धाकटी बहीण होती, आणि तिला घेऊन स्वतः चंचल आली होती. माझ्याशी बोलली नाही, पण आली. बंडूने बदलली नाही. त्याच्या मायला अजून मार्क नको आहेत.

काल एकतीस तारीख. सोळा अधिक आठ, चोवीस नावं. पंचविसावी मी, आणि माझा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर. ऑफिस बंद व्हायला तास राहिला तेव्हा मला आत बोलावलं. बाहेर व्हरांड्यात तीस-चाळीस पदाधिकारी उभे होते. त्यांना मी बोलावलं नव्हतं. कोणाचा चुलताही वारला नव्हता. नागनाथ सर जिन्याच्या पायरीवर बसले होते, आज शेवटचा दिवस की काय अशा चेहऱ्याने.

प्राचार्य सरांनी अर्ज दोनदा वाचला. त्यात 'कारण' म्हणून रकाना आहे. मी त्यात लिहिलं होतं, की माझ्या मामांना ऐकू येत नाही.

ते तेलुगूत म्हणाले, "इदि कारणं कादु, अम्मा." हे कारण होत नाही.

मी म्हटलं, "मग सर, त्यांनाच फोन करून विचारा." हा उद्धटपणा होता, मान्य आहे. तो मामाकडून आलाय, असं आई म्हणते.

सरांनी खरंच नंबर मागितला. फोन लावला, स्पीकरवर ठेवला. दोनदा "हॅलो" म्हणाले, तिसऱ्यांदा मोठ्याने म्हणाले. तुम्ही पलीकडून ओरडलात, "कोन हाय? मले ऐकू येत नाई. काम असन तर पत्र लिवा." आणि ठेवून दिलात.

कोणी हसलं नाही. व्हरांड्यातही नाही. सरांना मराठी बोलता येत नाही, पण इतकी वर्षं आदिलाबादेत काढल्यावर एवढं कळतं. ते फोनकडे पाहत बसले.

मग त्यांनी विचारलं, "त्यांना पत्र कोण लिहितं?"

मी म्हटलं, "मी."

"आणखी कोण?"

मी पेन त्यांच्यापुढे सरकवलं. सरांनी सही केली.

तुमची,
चैत्राली